उकार

फळी तशी साधीच होती. कुठल्याशा जुन्या कपाटाची पाठ, एका कोपऱ्याला पाणी पिऊन फुगलेली. मुलांनी तिला पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले, वाळायला ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी निळ्या रंगात ठळक लिहिलं, ‘दुरूस्ती मंडळ’. खाली बारीक अक्षरांत, ‘मोडलेलं आणा, मिळून उघडू’. संध्याकाळी खोलीला कुलूप लावायला गेले तेव्हा रंगाचा वास तसाच कोंडलेला होता, ब्रश डब्यातल्या निळ्या पाण्यात उभा होता आणि फळी भिंतीला टेकून वाळत होती. मला एकच गोष्ट दिसली. रूला दीर्घ उकार. दुरुस्ती मंडळाच्या पाटीवर चुकलेला शब्द कुठला, तर दुरुस्ती! आधी हसू आलं, मग राहवेना. उद्या येणारी-जाणारी माणसं मुलांना हसतील, आणि काम तर दोन मिनिटांचं. पांढऱ्या रंगाने उकाराची लांब शेपटी गाडून टाकली, वाळेपर्यंत फुंकर घातली आणि त्यावर आखूड गाठ दिली. ब्रश धुतला. कुलूप लावलं. घरी जाताना मला स्वतःचंच फार कौतुक वाटत होतं, हेही सांगून टाकते.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी ती आली. पाटी तिने लिहिली होती. वय १४, डावखुरी, आणि तिची सगळी अक्षरं वाऱ्याने ढकलल्यासारखी किंचित डावीकडे कललेली. त्या कललेल्या रांगेत माझा उकार तेवढा ताठ उभा होता. तिने तो लगेच पाहिला. नुसता पाहिला नाही, त्यावरून बोट फिरवलं. खालच्या थरामुळे तिथे रंग जरा उंच झाला होता, अंगावर गांधी उठावी तसा.

‘हे कुणी केलं?’

‘मी. ऱ्हस्व हवा होता ना तो.’

‘अच्छा. बरं झालं,’ ती म्हणाली, आणि दप्तर ठेवायला वळली.

ती चिडली असती तर मी माफी मागून मोकळी झाले असते. हसली असती तर विषयच संपला होता. पण ते ‘बरं झालं’ फार सपाट होतं. त्या आठवड्यापासून आणखी एक गोष्ट सुरू झाली, जी माझ्या लक्षात यायला पंधरा दिवस लागले. सूचनेचा कागद माझ्याकडे यायला लागला. ‘ताई, एकदा बघून द्या ना.’ गटावर टाकायचा दोन ओळींचा निरोप आधी मला. खुर्च्या खिडकीकडे तोंड करून लावायच्या की भिंतीकडे, तेही मला. आधी ज्या गोष्टींवर पाचही जण आरडाओरडा करून भांडायचे आणि काहीतरी ठरवून मोकळे व्हायचे, त्या सगळ्या आता माझ्या टेबलावर गुपचूप येऊन पडत होत्या. मी एक उकार घेतला होता. त्याच्यामागोमाग अख्खी बाराखडी माझ्याकडे चालत आली.

मुळात मी तिथे होते ती सहीपुरती. कल्पना त्यांची. पाच मुलं, १३ ते १६ वयाची. त्यातल्या एकाने कुठेतरी वाचलं होतं की ॲमस्टरडॅममध्ये ऑक्टोबर २००९ मध्ये मार्टिने पोस्टमा नावाच्या बाईंनी लोकांना मोडक्या वस्तू घेऊन बोलावलं, टेबलं मांडली, आणि ज्यांना दुरुस्ती येते त्यांना शेजारी बसवलं. दुकानासारखं वस्तू टाकून जायचं नाही, शेजारी बसून स्वतः उघडायचं. हा प्रकार पुढे जगभर पसरला, त्याला ‘रिपेअर कॅफे’ म्हणतात. ‘आपणपण करू,’ असं हा म्हणाला आणि बाकीच्या चौघांनी नाही म्हणण्याआधीच खोली मागायला गेला. खोली मिळाली, पण ‘एक मोठं माणूस हवं’ या अटीवर. ते माणूस मी. कागदावर माझ्या नावापुढे लिहिलं होतं ‘मार्गदर्शक’.

हा शब्द मला कधीच झेपलेला नाही. निमंत्रणपत्रिकेत ‘प्रमुख मार्गदर्शक’ असं छापलेलं माणूस बहुतेक वेळा उशिरा येतं, हार घालून घेतं आणि वीस मिनिटं बोलून निघून जातं. शिवाय मार्ग दाखवायचा तर तो आपल्याला आधी माहीत हवा. मला सोल्डरिंग येत नव्हतं. इस्त्रीच्या आत काय असतं ते मी वयाची पन्नाशी जवळ आल्यावर त्या मुलांबरोबर पहिल्यांदा पाहिलं. त्या मानाने ‘पाठराखण’ हा शब्द बरा. त्यात निदान उभं कुठे राहायचं ते तरी कळतं. मागे.

पण मागे म्हणजे किती मागे? इथेच तर घोळ आहे.

या घोळासाठी एक शिडी आहे. रॉजर हार्ट यांनी १९९२ साली युनिसेफसाठी लिहिलेल्या छोट्याशा पुस्तिकेत मुलांच्या सहभागाच्या ८ पायऱ्या मांडल्या. शिडीची कल्पना त्यांनी शेरी आर्नस्टीन यांच्याकडून घेतली, ज्यांनी १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागासाठी अशीच शिडी काढली होती. हार्टच्या खालच्या ३ पायऱ्या वाचताना आपण स्वतःला तिथे तिथे ओळखत जातो आणि कान गरम होतात. मुलांना आपल्या कामासाठी वापरून घेणं, मुलांना शोभेला उभं करणं, आणि नावापुरता सहभाग. या तिन्हींना हार्ट सहभाग मानतच नाहीत. टी-शर्ट घालून व्यासपीठावर उभी केलेली, कुणीतरी लिहून दिलेलं भाषण पाठ म्हणणारी मुलं आठवून बघा. टाळ्या सगळ्यात जास्त तिथेच पडतात.

मला वाटायचं, सगळ्यात वरची पायरी म्हणजे सगळं मुलांचं, मोठ्यांचं काहीच नाही. तशी पायरी आहे, पण ती सातवी. आठवीवर काय आहे? मुलांनी सुरू केलेलं काम आणि मोठ्यांबरोबर मिळून घेतलेले निर्णय. म्हणजे शिडीच्या टोकाला पुन्हा आपण आहोतच, फक्त बोलावल्यावर. पहिल्यांदा वाचलं तेव्हा ही मला शिडीची चूक वाटली होती. सहावी पायरीसुद्धा मिळून निर्णय घ्यायचीच, फक्त तिथे सुरुवात मोठ्यांची असते. फरक एवढाच, की दार कुणी उघडलं. आता ती चूक वाटत नाही, पण तिथवर पोचायला मला एक मायक्रोवेव्ह लागला.

त्याआधी एक जुनी गोष्ट. मी १५ वर्षांची असताना आम्ही तिघी मैत्रिणींनी भित्तिपत्रक काढलं होतं. मोठ्या ड्रॉइंगच्या कागदावर, शाईने, कडेला वेलबुट्टी काढून. मी एक लेख लिहिला होता, बंद पडलेल्या घड्याळाबद्दल. आमच्या सरांनी तो ‘जरा बघून दिला’. परत आला तेव्हा पहिलं वाक्य माझं नव्हतं. फार देखणं वाक्य होतं, अजून पाठ आहे. लेख भिंतीवर लागला, लोक थांबून वाचायला लागले, आणि जो तो त्याच वाक्याचं कौतुक करायचा. मी मान डोलवायचे आणि पोटात काहीतरी लहान होत जायचं. पुढच्या अंकाला मी लेख दिला नाही. अक्षर चांगलं म्हणून दुसऱ्यांचे लेख उतरवून काढायचं काम घेतलं.

गंमत अशी की वाक्य कसं उभं करायचं हे मी त्याच वाक्यावरून शिकले. हे लिहिताना आजही कुठेतरी त्याची ठेवण हाताशी येते. सरांनी माझं वाईट केलं असं मी शपथेवर सांगू शकत नाही. चांगलं केलं असंही नाही. ते माझ्या शेजारी बसून म्हणाले असते, ‘हे बघ, घड्याळ तिसऱ्या ओळीत येतंय, पहिल्या ओळीत आणलंस तर?’ तर काय झालं असतं, हा हिशेब लागत नाही तो नाहीच.

पाटीच्या प्रकरणानंतर मी जे केलं ते उलट्या टोकाचं होतं. चुकलं म्हणून हात काढले, आणि पुरते काढले. ‘तुमचं तुम्ही ठरवा’ हे वाक्य मी त्या दोन महिन्यांत इतक्यांदा म्हटलं की शेवटी मुलं मी तोंड उघडायच्या आतच ते एका सुरात म्हणायला लागली. त्यांनी पहिला दुरुस्तीचा दिवस नेमका परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात ठेवला, हे मला दिसत होतं. गप्प बसले. त्या दिवशी सहा टेबलं मांडली गेली आणि दोन माणसं आली. त्यातलं एक माणूस खोली चुकलेलं होतं. मुलांनी स्वतःचेच इअरफोन उघडून वेळ काढला. मी मागे खुर्चीवर बसून मनात म्हणत होते, आपटू दे, आपटल्यावरच कळतं. कळलं का? पुढच्या वेळी त्यांनी आधी वेळापत्रक पाहिलं हे खरं. पण पाचातला एक त्या दिवसानंतर आलाच नाही, हेही खरं. आपण ज्याला शिकवण म्हणतो तिची किंमत सगळ्यांच्या खिशाला सारखी नसते.

आणि मग तो मायक्रोवेव्ह. मी त्या दिवशी जाणारच नव्हते, विसरलेली छत्री घ्यायला गेले. आत चौघं टेबलाभोवती वाकलेली, मधे मायक्रोवेव्ह, मागचं झाकण काढलेलं, चौदापैकी बारा स्क्रू बाटलीच्या झाकणात नीट मांडून ठेवलेले. इतकं टापटीप काम की बघत राहावं. १६ वर्षांचा तो पुढारी हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन आत डोकावत होता. ‘प्लग काढलाय ताई,’ त्याने मी न विचारताच सांगितलं. प्लग काढला होता. पण मायक्रोवेव्हमधला कपॅसिटर प्लग काढल्यावरही उच्च दाबाचा विद्युतभार धरून बसू शकतो, आणि तो माणसाला मारू शकतो. हे मला ठाऊक होतं कारण सही केली त्या आठवड्यात घाबरून मी तेवढं एक वाचलं होतं. वाचलं होतं, आणि ‘तुमचं तुम्ही ठरवा’च्या नादात त्यांना सांगितलं नव्हतं.

मी ओरडले. चांगलीच ओरडले. स्क्रू ड्रायव्हर टेबलावर पडला, एक स्क्रू घरंगळत कुठेतरी गेला तो आजतागायत सापडला नाही. मग सगळे गप्प झाले आणि मी खाली बसले, कारण पाय थरथरत होते. थोड्या वेळाने डावखुरीने विचारलं, ‘तुम्हाला माहीत होतं?’

‘हो.’

‘मग सांगितलं का नाही?’

पाटीच्या वेळी न विचारता केलं, आता सांगायची वेळ येऊनही सांगितलं नाही. दोन्ही वेळा मी एकटीनेच ठरवलं होतं, हे तिच्या प्रश्नात होतं. तिने तसं म्हटलं नाही. ती फक्त उत्तराची वाट बघत होती.

इमारत उभी राहताना भोवती परांची बांधतात. बांबू, फळ्या, सुतळ्या. शिकवण्याच्या शास्त्रातही हीच उपमा आहे. १९७६ मध्ये डेव्हिड वूड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी ३ ते ५ वर्षांच्या ३० मुलांना २१ लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला दिला आणि शेजारी बसलेलं मोठं माणूस नेमकं काय काय करतं ते टिपलं. काम आटोक्यात येईल इतकं लहान करणं, महत्त्वाचं काय ते नजरेस आणून देणं, वैताग सांभाळणं, अशी सहा कामं त्यांनी नोंदवली. करून दाखवणं त्यात आहे, पण मुलाच्या वाटचे ठोकळे आपणच लावून टाकणं नाही. उठून निघून जाणंही नाही. परांची भिंतीला टेकलेली असते, भिंतीचं वजन मात्र घेत नाही, आणि चुना वाळायच्या आधी ती सोडली तर काय होतं ते गवंड्याला विचारावं. मी रात्री भिंत लिंपून गेले होते, आणि नंतर एका सकाळी सगळे बांबू घेऊन पसार झाले होते.

त्या संध्याकाळी आम्ही एक यादी केली. म्हणजे त्यांनी केली, वाचून, शोधून, भांडून. लाल कागदावर, ‘हे उघडायचं नाही’. मायक्रोवेव्ह, जुना काचेच्या नळीचा टीव्ही, फुगलेली लिथियम बॅटरी. चौथा मुद्दा पुढाऱ्याने स्वतः घातला, ‘जे उघडताना दोघांपैकी एकालाही भीती वाटते ते’. खाली मी एक ओळ मागितली. मागितली, लिहिली नाही: या कागदावर वाद नाही, इथे ताईंचा शब्द शेवटचा. त्यांनी जरा कुरकुर केली आणि लिहून दिली. त्या बदल्यात त्यांनी माझ्याकडून एक कबूल करून घेतलं. बाकी कशातही मला काही चुकतंय असं वाटलं तर मी ते उजेडी, सगळ्यांसमोर, तोंडाने सांगायचं. ऐकायचं की नाही ते बघू. हा करार वहीत आहे, तारखेसकट, पाच सह्यांसकट.

त्यानंतर गाडं बरं चाललं असं म्हणवत नाही, पण चाललं. पैशांची पेटी दोघांच्या सहीशिवाय उघडायची नाही हे त्यांनी ठरवलं, आणि पहिल्याच महिन्यात दुसऱ्या सहीवाला आजारी पडल्यावर पेटी तशीच बंद राहिली. एक आजोबा रेडिओ घेऊन आले. तीन बैठकांत तो सुरू झाला नाही, तरी ते चौथ्यांदा आले, कारण मुलं त्यांना कुठली वायर कुठे जाते ते विचारत होती आणि त्यांना ती सांगता येत होती. कुणीतरी सुचवलं, वर्षअखेर सगळ्यांना प्रमाणपत्रं देऊ. मी हात वर करून आक्षेप नोंदवला, करारानुसार. १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी चित्रं काढायला आवडणाऱ्या लहान मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं होतं, की चित्र काढलंत तर सोनेरी शिक्क्याचं, रिबन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. पुढे मोकळ्या वेळात हीच मुलं त्या रंगीत पेनांकडे कमी वळली. ज्यांना काहीच मिळालं नव्हतं, किंवा न सांगता अचानक मिळालं होतं, त्यांची आवड तशीच राहिली. मी हे सगळं रंगवून सांगितलं. मुलांनी शांतपणे ऐकलं आणि चार विरुद्ध एक मतांनी प्रमाणपत्रं मंजूर केली. ‘ताई, पुढे अर्ज करताना लागतात,’ पुढारी समजावणीच्या सुरात म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. मी त्यांच्या बाजूने जगाकडे बघायचं विसरले होते. प्रमाणपत्रांचा मजकूर डावखुरीने लिहिला आणि मला दाखवला नाही. मला ते लागलं, आणि फार आवडलंही.

मधे एकदा मला दुसऱ्या शहरात कामाची संधी आली होती. तेव्हा जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांचा २००२ चा अभ्यास माझ्या वाचनात होता. त्यांनी अमेरिकेतल्या अकराशेहून जास्त मुलांची आकडेवारी तपासली. त्यातल्या काहींना एकेक मोठा सोबती नेमून दिलेला होता. वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकलेल्या सोबतीचा सगळ्यात जास्त फायदा दिसला. पहिल्या काही महिन्यांत तुटलेल्या जोड्यांमध्ये मुलांचा स्वतःवरचा विश्वास आधीपेक्षा खाली गेला. सोबत नव्हती तेव्हा बरं होतं, असं म्हणायची पाळी. संधी मी सोडली ती त्यामुळे नाही, कारणं माझी वेगळी होती. पण त्या रात्री झोप लागेना तेव्हा हिशेब करत होते, आपल्याला किती महिने झाले? सात.

आता तीन वर्षं होत आली. पुढारी बाहेर पडला. जाताना त्याने किल्ली, पेटी, वही आणि स्क्रूंनी भरलेल्या अकरा बाटल्या नव्या मुलांच्या हवाली केल्या आणि कोपऱ्यात जाऊन नाक शिंकरलं. अशा मंडळांचा जीव बहुधा याच वळणावर जातो. सुरू करणारी मुलं मोठी होतात आणि मागे राहतं ते एक बंद कपाट, ज्याची किल्ली कुणाकडे आहे हे कुणालाच आठवत नाही. म्हणून दुसऱ्या वर्षापासून प्रत्येक कामाला एक मोठं आणि एक लहान अशी जोडी लावायची, हे ठरलं. कल्पना माझी. सगळ्यांसमोर, तोंडाने सांगितलेली. यावेळी मंजूर झाली.

फळीचा तो कोपरा यंदा पावसात पुरताच सुटला. नवी पाटी करायची ठरली. परवा गेले तेव्हा १२ वर्षांचा एक मुलगा गुडघ्यांवर बसून लिहीत होता, जीभ दातांत धरलेली, आणि डावखुरी, आता १७ ची, त्याच्या मागे उभी होती. त्याने दु काढला. मग र काढला, आणि त्याला लांबलचक, ऐटदार शेपटी दिली.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

‘थांब,’ ती त्याला म्हणाली. ‘हा उकार बघ. ऱ्हस्व असतो.’

‘असाच छान दिसतोय,’ तो मान न वळवता म्हणाला.

‘दिसतोय छान. पण चुकलाय.’

‘कशावरून?’

तिने ब्रशकडे हात नेला. मी पाहिलं, नेला होता. मग तोच हात तिने स्वतःच्या खिशात कोंबला. ‘चल, शब्दकोशात बघू,’ ती म्हणाली. ‘माझं चुकलं असेल तर असाच राहू दे.’ तो कुरकुरत उठला, निळा अंगठा चड्डीला पुसला, आणि दोघं वाद घालत पलीकडच्या खोलीत गेली.

ब्रश फळीच्या कडेवर तसाच राहिला होता, टोकाला रंग वाळायला लागलेला. मी तो उचलला आणि पाण्यात उभा करून ठेवला.